‘निबंध लिहा’ म्हणण्याआधी: पाचवी ते सातवीच्या मुलांना प्रसंगलेखन कसं शिकवावं

सहलीवरचे चाळीस निबंध एका बैठकीत तपासा. बस सकाळी सहाला निघते, मुलं गाणी म्हणतात, नाश्ता होतो, किल्ला दिसतो, डबे उघडतात, बस परत येते आणि शेवटी ‘ही सहल मी कधीच विसरणार नाही’. चाळीस वह्यांत एकच निबंध. त्याच सहलीत एकीची चप्पल टाक्यात पडलेली असते, एकाला घाटात उलटी होऊन मित्राचा शर्ट भरलेला असतो, दोघांचं खिडकीवरून भांडण झालेलं असतं. यातलं वहीत काहीच येत नाही.

मुलांकडे सांगण्यासारखं नसतं, हे मला मान्य नाही. मधल्या सुट्टीत तीच मुलं काय रंगवून सांगतात ते ऐका. चूक आपली होते. आपण फळ्यावर विषय लिहितो, ‘वीस ओळी लिहा’ म्हणतो आणि मधल्या सगळ्या पायऱ्या गाळतो. मग मूल गाईडकडे वळतं.

खालचा क्रम पाचवी ते सातवीच्या वर्गासाठी आहे. चौथीलाही चालतो, फक्त चिठ्ठ्या कमी ठेवायच्या. घरी एकाच मुलाला शिकवणाऱ्या पालकांनी जोडीदाराच्या जागी स्वतः बसावं. पहिल्या वेळी चार तासिका लागतात. त्या एकाच दिवशी उरकू नका.

## पूर्वतयारी

साहित्य थोडंच लागतं. पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या (जुन्या कॅलेंडरची पानं उत्तम, जाड असतात), प्रत्येकी आठ-दहा. पेन्सिल. आणि कच्ची वही, जिच्यात एक ओळ सोडून एक ओळ लिहायची. सोडलेली ओळ दुरुस्तीसाठी असते. ती नसली की मूल दुरुस्ती टाळतं, कारण खोडाखोडीने पान घाण दिसतं आणि घाण पानाला ओरडा बसतो, हे त्याला ठाऊक असतं.

खरी तयारी तुमची स्वतःची आहे. गेल्या आठवड्यात तुमच्या बाबतीत घडलेला एक छोटा प्रसंग तीन मिनिटांत सांगता येईल असा तयार ठेवा. कुकरची शिट्टी उडाली, एसटी डोळ्यांसमोरून गेली, चुकीच्या घराची कडी वाजवली. मोठा प्रसंग नको. मोठा सांगितलात, तर मुलांना वाटतं की लिहायला अपघात किंवा पूरच हवा.

सावधान: नमुना निबंध वाचून दाखवून सुरुवात करू नका. एकदा कानावर पडला की वर्गातली अर्धी मुलं त्याच वाक्यांनी लिहितात. नमुना दाखवायचाच असेल तर मुलांचा पहिला खर्डा झाल्यावर दाखवा.

## टप्पा १: विषयातून प्रसंग काढा

‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय आहे. ‘शाळेतून येताना छत्री उलटी झाली आणि दप्तर भिजलं’ हा प्रसंग आहे. मुलांच्या मनात या दोहोंची गल्लत असते आणि बहुतेक निबंध इथेच फसतो. विषयावर लिहायला गेलं की वर्णन येतं, माहिती येते, ‘पावसाळा हा महत्त्वाचा ऋतू आहे’ येतं. प्रसंगावर लिहायला गेलं की गोष्ट येते.

मुलांना ‘तुमचा अविस्मरणीय प्रसंग सांगा’ असं विचारू नका. ‘अविस्मरणीय’ या शब्दानेच ती गप्प होतात. त्याऐवजी आधी तुमचा तयार ठेवलेला प्रसंग सांगा आणि मग विचारा:

- कधी काही सांडलं, हरवलं, फुटलं, चुकलं का?
- पहिल्यांदाच एकट्याने काय केलं होतं?
- कोणाची वाट बघत किती वेळ बसला होतात?
- कोणतं जनावर अंगावर आलं, किंवा हातातून सुटून पळालं?

प्रत्येकाने दोन-तीन प्रसंग एकेका ओळीत लिहायचे आणि त्यातला एक निवडायचा. निवडलेला प्रसंग दोन चाळण्यांतून काढा. तो साधारण तासाभरात घडून गेलेला असावा आणि त्यात काहीतरी बिघडलेलं किंवा बदललेलं असावं. ‘मामाच्या गावची सुट्टी’ पहिल्या चाळणीत अडकते. मग विचारा, ‘सुट्टीतली कोणती एक दुपार?’ लगेच विहिरीत पडलेली कळशी बाहेर येते.

या लेखात पुढे मी एकच प्रसंग धरून चालते. सहावीतला मुलगा, आईने गिरणीतून बाजरीचं दळण आणायला पाठवलं, सायकलच्या कॅरिअरवरून डबा पडला, पीठ सांडलं. इतकंच. वीस ओळींना पुरून उरतं.

सावधान: एखादं मूल घरातलं दुःख किंवा मारहाण लिहायला घेईल. त्याला थांबवू नका, पण ते वर्गात वाचायलाही लावू नका. त्याला वेगळं बोलवा. त्या क्षणी निबंध मागे राहिला तरी चालेल.

## टप्पा २: आधी तोंडी, तेही घरच्या बोलीत

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. वेळ वाया जातो, वर्गात गोंधळ होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते. तरीही मी ती सोडत नाही. जे मूल तोंडी सांगू शकत नाही, ते लिहू शकणार नाही. आणि जे सांगू शकतं, त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

मुलांच्या जोड्या लावा. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, आगरी, घरी जे बोलतात त्यातच सांगू द्या. प्रमाण मराठीचा आग्रह इथे धरलात तर मूल सांगताना प्रसंगाकडे न बघता शब्दांकडे बघतं आणि गोष्ट आटते. भाषेचं काम पुढे, सातव्या टप्प्यात आहे.

ऐकणाऱ्यालाही काम हवं, नाहीतर तो खिडकीबाहेर बघतो. त्याने पहिल्यांदा नुसतं ऐकायचं आणि मग तीनच प्रश्न विचारायचे. ते फळ्यावर लिहून ठेवा.

१. तेव्हा तिथे काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं?
२. तू नेमकं काय केलंस?
३. कोण काय म्हणालं?

दळणाच्या प्रसंगात पहिल्या सांगण्यात ‘डबा पडला, पीठ सांडलं, घरी गेलो’ एवढंच येतं. प्रश्नांनंतर मात्र बांधायला घेतलेली सायकलची जुनी ट्यूब सैल होती हे येतं. पुलाजवळचा खड्डा येतो. एक अनोळखी काका थांबून काय म्हणाले तेही येतं. मग सांगणाऱ्याने तोच प्रसंग पुन्हा एकदा, नव्या तपशिलांसह सांगायचा. हे दुसरं सांगणं म्हणजेच त्याचा पहिला खर्डा. फक्त तो अजून कागदावर आलेला नाही.

तपासा: ऐकणाऱ्याला विचारा, ‘त्याचं काय झालं ते तू मला सांग.’ त्याला सांगता आलं, तर पुढे जा. अडला, तर जोडीला आणखी पाच मिनिटं द्या.

## टप्पा ३: चिठ्ठ्या मांडा

आता प्रत्येक घडामोड वेगळ्या चिठ्ठीवर. एका चिठ्ठीवर एकच घटना, चार-पाच शब्दांत, आणि त्यात क्रियापद हवंच. ‘गिरणी’ ही चिठ्ठी चालणार नाही. ‘गिरणीत नंबर लावला’ ही चालेल. क्रियापद नसलं की मूल पुढे वर्णनात घुसतं, हा माझा नेहमीचा अनुभव.

आपल्या मुलाच्या चिठ्ठ्या अशा झाल्या: आईने दळण आणायला सांगितलं. गिरणीत नंबर लावला. शेजारच्या काकू भेटल्या. डबा कॅरिअरला बांधला. खड्ड्यात चाक आपटलं. डबा पडून पीठ सांडलं. पीठ गोळा केलं. घरी आईला सांगितलं.

चिठ्ठ्या जमिनीवर ओळीने मांडायच्या. घडलं त्याच क्रमाने. या वयात मागे-पुढे जाणारी मांडणी शिकवायची घाई करू नका. सरळ क्रम पक्का झाल्याशिवाय तो मोडता येत नाही.

मग दोन कामं. एक, जिथे छातीत धस्स झालं त्या चिठ्ठीवर चांदणी काढायची. इथे ती ‘डबा पडून पीठ सांडलं’ वर येते. दोन, जी चिठ्ठी काढली तरी चांदणीपर्यंत पोचता येतं, ती उचलून बाजूला ठेवायची. काकू भेटल्या, पण त्यांचा पुढे काही संबंध नाही. चिठ्ठी बाहेर. मुलांना हे जड जातं, कारण ‘पण त्या खरंच भेटल्या होत्या!’ खरं असलं तरी सगळंच सांगायचं नसतं, हे हातात चिठ्ठी धरून जितकं लवकर कळतं तितकं समजावून सांगून कळत नाही.

जागेची वाटणी इथेच ठरवा. वीस ओळींचा निबंध असेल तर चांदणी आणि तिच्या आजूबाजूच्या चिठ्ठ्यांना दहा-बारा ओळी, सुरुवातीला चार, शेवटाला चार. मुलं नेमकं उलटं करतात. सकाळी उठण्यापासून निघण्यापर्यंत बारा ओळी, आणि मुख्य प्रसंग दोन ओळींत.

तपासा: चांदणीची चिठ्ठी सापडत नसेल, तर प्रसंगच चुकला आहे. पहिल्या टप्प्यावर परत जा. पुढे रेटू नका.

## टप्पा ४: मधला भाग आधी लिहा

‘सुरुवात कशी करू?’ म्हणून मूल वीस मिनिटं पेन्सिलीचं टोक चावत बसतं. त्याला सुरुवात करायला लावूच नका. नवं पान उघडा, वरच्या सहा-सात ओळी मोकळ्या सोडा आणि चांदणीच्या चिठ्ठीपासून लिहायला सांगा.

सूचना एवढीच द्या: डोळ्यांना काय दिसलं, कानांना काय ऐकू आलं, हातांनी काय केलं, कोण काय बोललं. ‘खूप’, ‘अतिशय’, ‘सुंदर’ हे तीन शब्द या भागापुरते बंद. ‘मला खूप वाईट वाटले’ हे वाक्य खोटं नसतं, पण ते वाचून वाचणाऱ्याला काही वाटत नाही. वाईट वाटलं तेव्हा तू काय करत होतास, ते लिही.

मुलाचा नुसता पहिला प्रयत्न असा असतो:

> मग डबा पडला. मग सगळे पीठ सांडले. मला खूप वाईट वाटले. मग मी पीठ भरले. मग मी घरी गेलो.

आणि या सूचनेनंतर साधारण असा होतो:

> खड्ड्यात चाक आपटले आणि मागे धप्पकन आवाज झाला. वळून पाहिले तर डबा एकीकडे आणि झाकण दुसरीकडे. बाजरीचे पीठ डांबरावर पसरले होते आणि वाऱ्याने उडायला लागले होते. मी खाली बसून दोन्ही हातांनी ते ओढू लागलो. हाताला खडे लागत होते. एक काका सायकल थांबवून म्हणाले, “वरवरचं घे रे, खालचं राहू दे.”

यात ‘वाईट वाटले’ कुठेच नाही. पण खडे लागत असताना पीठ ओढणारा मुलगा दिसतो.

संवाद दोन-तीनच असू द्या. त्यातही ‘“हो.” “बरं.” “चल.”’ असल्या ओळी नकोत. ज्याने प्रसंग पुढे सरकतो किंवा माणूस कळतो, तेवढंच बोलणं ठेवायचं. काकांचं वाक्य ठेवलं, कारण त्यात त्यांची माया आहे आणि पुढे काय करायचं तेही आहे.

## टप्पा ५: आता सुरुवात

मधला भाग लिहून झाल्यावर सुरुवात सोपी होते, कारण कुठे पोचायचं ते माहीत असतं. मुलांना तीन वाटा द्या: कोणाचं तरी बोलणं, एखादी कृती, किंवा प्रसंगातली एखादी वस्तू.

बोलणं: “झाकण घट्ट लाव आणि सावकाश ये,” आईने दारातूनच बजावले.

कृती: मी कॅरिअरला ट्यूबचे दोन वेढे दिले. तिसरा द्यायला ती पुरली नाही.

वस्तू: आमच्या घरी दळणाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्याचे झाकण कधीच नीट बसत नाही.

मला वस्तूची वाट लहान मुलांसाठी सर्वांत भरवशाची वाटते. डबा, छत्री, चप्पल, रिकामी टोपली. वस्तू हातात असली की मूल भटकत नाही, आणि झाकण बसत नाही हे कळल्यावर वाचणाराही पुढे काय होणार म्हणून सावध होतो.

नेहमीच्या चुका: ‘मला सायकल चालवायला खूप आवडते’ ही सुरुवात प्रसंगाची नाही, ती माहितीची आहे. ‘झुंजुमुंजु झाले होते, पक्ष्यांचा किलबिलाट चालू होता’ ही गाईडची आहे. प्रसंग संध्याकाळी घडलेला असला तरी मुलं हे वाक्य लिहितात. रागावू नका, फक्त विचारा: ‘तू तेव्हा जागा होतास का?’

## टप्पा ६: शेवट कुठे थांबवायचा

शेवट लहान ठेवा. प्रसंग संपला की एक-दोन हालचाली आणि थांबा. ‘या प्रसंगातून मला असा धडा मिळाला की...’ हे वाक्य मोठ्यांना आवडतं म्हणून मुलं लिहितात. दळण सांडलेल्या मुलाला त्या दिवशी धडा मिळालेला नसतो, त्याला आईची भीती वाटत असते. तेच लिहू द्या.

शेवटासाठी मी एक सोपा प्रश्न देते: ‘सुरुवातीला जे होतं, ते आता कुठे आहे?’ डब्यापासून सुरुवात असेल तर डब्याकडे परत या. आपल्या मुलाने सांगितलं ते असं: आईने पीठ दोनदा चाळले, चाळणीत राहिलेला कोंडा कोंबड्यांना टाकला आणि रात्री नेहमीपेक्षा कमी भाकऱ्या झाल्या. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डब्याला दोरी बांधलेली होती. मी यात एक शब्दही वाढवला नसता.

## टप्पा ७: ‘मग’ची साखळी तोडा

आत्ता भाषेकडे यायचं, आधी नाही. मुलाने खर्ड्यातल्या प्रत्येक ‘मग’ आणि ‘नंतर’ भोवती गोल काढायचा. बारा-पंधरा गोल सहज निघतात. त्यातले दोन ठेवून बाकीचे काढायचे आहेत.

नुसतं ‘मग काढा’ म्हणून भागत नाही, त्या जागी काय ठेवायचं ते द्यावं लागतं. मराठीत ही सोय क्रियापदातच आहे. चार रूपं फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाचं काम सांगा.

‘-ऊन’: एक काम संपवून दुसरं. ‘मी दळण घेतले. मग मी निघालो’ याचं ‘दळण घेऊन मी निघालो’.

‘-ताना’: एक काम चालू असतानाच दुसरं घडलं. ‘पूल ओलांडताना चाक आपटले’.

‘-ल्यावर’: एक पूर्ण झालं, त्यानंतर दुसरं. ‘घरी पोचल्यावर मी डबा ओट्यावर ठेवला’.

‘-ताच’: लगेच, त्याच क्षणी. ‘आवाज येताच मी ब्रेक दाबला’.

याशिवाय ‘तेवढ्यात’ हा शब्द आहे, पण तो निबंधात एकदाच, चांदणीच्या जागी. प्रत्येक वाक्यात ‘तेवढ्यात’ आला की काहीच अचानक राहत नाही. आणि ‘-ऊन’ सापडल्याच्या आनंदात मुलं ‘उठून, आवरून, खाऊन, दप्तर घेऊन, धावत जाऊन’ अशी माळ ओवतात. एका वाक्यात एकच ‘-ऊन’ असा नियम घाला.

दुसरी गडबड काळाची. ‘मी दर रविवारी दळण आणायला जायचो’ आणि ‘त्या रविवारी मी गेलो’ यांतला फरक मुलांना बोलताना बरोबर येतो, लिहिताना सुटतो. मधेच ‘मी बघतो तर काय, डबा पडतो’ असंही येतं. मोठे लेखक असं लिहितात, पण या वयात सगळी गोष्ट भूतकाळातच ठेवा.

तिसरी गोष्ट ‘केलं’ की ‘केले’. शाळेच्या वहीत निवेदनात ‘केले, गेले, म्हणाले’ ही रूपं अपेक्षित असतात. तीच ठेवा, पण अवतरणचिन्हांतलं बोलणं जसं बोललं गेलं तसंच राहू द्या. आजी ‘कुठं गेला व्हतास?’ म्हणाली असेल, तर तिच्या तोंडी ‘कुठे गेला होतास?’ घालू नका. निवेदनात मात्र अर्धं ‘केले’ आणि अर्धं ‘केलं’ नको.

## टप्पा ८: दुरुस्ती दोन फेऱ्यांत

लाल शाई सगळीकडे एकदम ओतली की मूल फक्त वेलांट्या सुधारून वही परत आणतं. म्हणून पहिल्या फेरीत शुद्धलेखनाला हात लावू नका. दोनच गोष्टी लिहा: तुम्हाला आवडलेल्या एका वाक्याखाली रेघ, आणि समासात एक खरा प्रश्न. ‘छान’, ‘अजून लिही’ यांनी मुलाला काही कळत नाही. ‘काका गेल्यावर तू एकटाच होतास का?’ याने कळतं. त्याचं उत्तर सोडलेल्या ओळीत लिहायचं.

त्यानंतर मुलाने निबंध स्वतः मोठ्याने वाचायचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य लांब आहे किंवा शब्द गळला आहे.

दुसरी फेरी शुद्धलेखनाची, आणि एका वेळी एकच नियम. पहिल्यांदा हा घ्या: मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ असतात. गिरणी, पाणी, माझी, तू, लिंबू. ‘आणि’ आणि ‘नि’ हे ऱ्हस्व अपवाद पाठ करून टाकायचे, कारण ‘आणी’ प्रत्येक वहीत असतं. पुढच्या निबंधाला अवतरणचिन्हं घ्या, त्याच्या पुढच्याला पूर्णविराम.

पक्क्या वहीत उतरवणं घरी होऊ द्या. तासिका त्यावर घालवू नका.

## परीक्षेत हाच क्रम कसा बसवायचा

पुढे दहावीच्या मराठीच्या (कुमारभारती) कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेतही, प्रसंगलेखन येतं, तेव्हा सवय आत्ताच लावलेली बरी. परीक्षेत चिठ्ठ्या नसतात. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर ‘कच्चे काम’ लिहून पाच ओळींत पाच घटना लिहायच्या, एकीवर चांदणी काढायची. याला तीन मिनिटं. मधला भाग आधी लिहिणं तिथे जमत नाही, म्हणून सुरुवात वस्तूपासून, चार ओळींत, आणि थेट प्रसंगाकडे. शेवटची दोन मिनिटं फक्त ‘मग’ शोधण्यासाठी ठेवायची.

पहिल्या दोन निबंधांना सगळे टप्पे तुमच्यासोबत करून घ्या. तिसऱ्याला चिठ्ठ्या त्यांच्या त्यांनी मांडू द्या, तुम्ही फक्त चांदणी बघा. चौथ्याला जोडीने तोंडी सांगणं तेवढं ठेवा, बाकी सगळं मुलांवर सोडा. तोंडी सांगणं मात्र सातवी संपेपर्यंत काढू नका.